कस्टम रॉम टाकण्याआधी आणि टाकल्यावर: नाशिकच्या ओळखीपाळखीतून वारंवार येणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्या फोनवर कस्टम रॉम टाकत आलोय. हा माझा व्यवसाय नाही, पैसे घेत नाही. पण रविवारी सकाळी सिडकोतल्या आमच्या घरी कुणी ना कुणी फोन घेऊन येतंच: दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, सातपूरला कंपनीत असलेला शेजारचा मुलगा, गंगापूर रोडच्या एक शिक्षिका. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सगळं वाचायला वेळ नसेल तर मॉडेल ओळखण्याचा आणि बॅकअपचा, हे दोन प्रश्न तरी वाचा. माझ्याकडे आलेले बहुतेक मेलेले फोन त्या दोन ठिकाणीच मेले होते.

कस्टम रॉम म्हणजे काय? दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणतात, तेच का?

नाही. दुकानदार सॉफ्टवेअर मारतो तेव्हा कंपनीचंच सॉफ्टवेअर पुन्हा भरतो. त्याला स्टॉक रॉम म्हणतात. अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड गूगल खुला करतं. तो घेऊन, त्या त्या फोनच्या हार्डवेअरला जुळवून, कंपनीबाहेरच्या लोकांनी बांधलेली सिस्टीम म्हणजे कस्टम रॉम. यातलं सगळ्यांत गाजलेलं नाव सायनोजेनमॉड. ते २००९ साली सुरू झालं आणि डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडलं. त्याच कोडवर लिनिएजओएस उभं राहिलं, आणि आज मी बहुतेकांना तेच सुचवतो.

एक फरक इथेच समजून घ्या, पुढे पावलोपावली लागेल. रॉम म्हणजे आपल्याला दिसते ती सिस्टीम. फर्मवेअर म्हणजे तिच्या खालचा थर: नेटवर्क पकडणारा मोडेम, फोनला जाग आणणारा बूटलोडर वगैरे. अनेक रॉममध्ये हा थर नसतो. फोनात आधीपासून असलेल्या कंपनीच्या फर्मवेअरवरच ते चालतात. ‘आधी अमुक आवृत्तीचं फर्मवेअर हवं’ असं सूचनांमध्ये लिहिलेलं असेल तर ती ओळ वगळून पुढे जाऊ नका.

हे सगळं करायचंच कशाला?

माझं कारण मराठी होतं. २०११ च्या सुमारास माझ्या अँड्रॉइड २.३ च्या फोनवर मराठी बातमी उघडली की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीत एक लपलेलं सेटिंग होतं, ते चालू केलं की अक्षरं चित्रासारखी यायची, तेवढाच आधार. पुढे फोन रूट करून, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवून, देवनागरी फाँट घातला. अक्षरं दिसू लागली, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि जोडाक्षरं सुटी पडली. नंतर त्याच फोनवर अँड्रॉइड ४.१ चा रॉम टाकला, आणि आईने पाठवलेला मराठी मेसेज तिने लिहिला तसा वाचता आला. तो दिवस मला अजून आठवतो.

आता मराठीसाठी एवढं करावं लागत नाही. आता कारण आहे ते अपडेटचं. फोनची बॅटरी बरी असते, स्क्रीन धड असते, पण बऱ्याच फोनना कंपनी दोन-चार वर्षांत सुरक्षा अपडेट देणं थांबवते. द्राक्षाला भाव पडला त्या वर्षी घरातल्या तिघांना नवे फोन घ्या, असं मी कुणाला सांगू शकत नाही. २०१८ चा पोको एफ १ नीट जपलेला असेल तर आजही रोजच्या कामाला पुरतो, आणि सुरक्षेची अपडेट त्याला कस्टम रॉममुळेच मिळू शकतात.

माझ्या फोनला होईल का?

आधी बूटलोडर अनलॉक होतो का, म्हणजे कंपनीने त्याला घातलेलं कुलूप उघडता येतं का, ते बघा. तो होत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. गूगल पिक्सेल आणि वनप्लसच्या बऱ्याच फोनवर काम तुलनेने सरळ. शाओमी, रेडमी, पोकोला कंपनीची परवानगी आणि थांबणं आलं. विवो आणि ओप्पोच्या बहुतेक फोनना अधिकृत अनलॉक नाही. हुआवेने २०१८ पासून अनलॉक कोड देणं बंद केलं. सॅमसंगची रीत वेगळी आहे: तिथे फास्टबूट (संगणकावरून फोनला थेट कमांड देण्याची अवस्था) नसतो, डाउनलोड मोड आणि ओडिन नावाचं साधन असतं, आणि परकं सॉफ्टवेअर एकदा भरलं की नॉक्स या सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो. पुढे मूळ सॉफ्टवेअर परत टाकलंत तरी सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगचं पेमेंट ॲप चालत नाही.

त्यानंतर त्या मॉडेलला सध्या कुणी रॉम सांभाळतंय का ते पाहा. शेवटची आवृत्ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर कंपनीचा जुना रॉम आणि हा जुना रॉम यांत सुरक्षेच्या दृष्टीने फार फरक उरत नाही.

नेमकं मॉडेल कसं ओळखायचं? खोक्यावर नाव लिहिलंय की.

खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. भारतात ‘रेडमी नोट ५’ म्हणून जो फोन विकला गेला तो बाहेरच्या देशांत रेडमी ५ प्लस होता. त्याचं कोडनेम, म्हणजे कंपनीचं आतलं नाव, विन्स. बाहेरचा रेडमी नोट ५ म्हणजे आपल्याकडचा नोट ५ प्रो; त्याचं कोडनेम व्हायरेड. प्रोसेसर वेगळा, सगळंच वेगळं. रेडमी नोट ४ चीही तीच गत: स्नॅपड्रॅगनवाला मिडो, मीडियाटेकवाला निकेल.

पिंपळगाव बसवंतचा एक मुलगा नेमका इथे अडकला. त्याच्याकडे भारतीय नोट ५ होता आणि त्याने बाहेरच्या नोट ५ च्या रॉमची झिप उतरवली. रिकव्हरीने, म्हणजे रॉम टाकायला वापरतात त्या छोट्या वेगळ्या सिस्टीमने, एरर ७ दाखवून झिप नाकारली. हा एरर म्हणजे रिकव्हरी सांगत असते की ही फाइल या फोनची नाही (कधी कधी फर्मवेअर किंवा रिकव्हरी जुनी असली तरी तो येतो). पण कुठल्याशा व्हिडिओत ‘स्क्रिप्टमधल्या तपासणीच्या ओळी काढून टाका’ असं सांगितलेलं होतं. त्याने काढल्या. मग त्याच पद्धतीने फर्मवेअरची झिपही घातली. त्यानंतर त्या फोनचा दिवासुद्धा लागला नाही. एरर ७ तुमचा फोन वाचवायला आलेला असतो. त्या ओळींना कधीही हात लावू नका.

कोडनेम खात्रीने कळतं ते असं: फोन फास्टबूट मोडमध्ये न्या, संगणकाला जोडा आणि ‘फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट’ ही कमांड द्या. उत्तरात येणारं नाव आणि रॉमच्या फाइलमधलं नाव अक्षरशः तेच हवं. स्टॉक रॉमही ठेवणार असाल तर शाओमीच्या फोनवर ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ हीसुद्धा कमांड देऊन बघा. २०१८ मध्ये नोट ५ प्रोवर अँटी-रोलबॅक (जुन्या आवृत्तीवर परत जाऊ न देणारी अट) आलं, आणि पुढे जुनी मीयूआय (शाओमीची तेव्हाची सिस्टीम) टाकणाऱ्या कितीतरी जणांचे फोन एका झटक्यात गेले.

बॅकअपमध्ये काय काय घ्यायचं?

बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. ‘बहुतेक’ नाही, सगळा. हे मी प्रत्येकाला तीनदा सांगतो, कारण एकदा सांगून भागलं नव्हतं. माझ्या मामांना मी विचारलं, “बॅकअप झालाय ना?” ते म्हणाले, “हो, झालाय.” त्यांच्या मनात व्हॉट्सॲपचा बॅकअप होता. आजीचे शेवटच्या वर्षातले फोटो फोनच्या कॅमेऱ्याच्या फोल्डरात होते, आणि ते कुठेच गेलेले नव्हते. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण तेव्हापासून मी बॅकअप झाला का असं विचारत नाही. संगणकावर कॉपी झालेला फोल्डर उघडायला लावतो आणि त्यातले दोन-चार फोटो डोळ्यांनी बघतो.

फोटो आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर घ्या. नंबर गूगल खात्यात गेलेत की फोनातच आहेत ते तपासा. फोनात असतील तर नंबरांची व्हीसीएफ फाइल काढा. व्हॉट्सॲपचा बॅकअप ड्राइव्हवर घ्या, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू असेल तर तिचा पिन कागदावर लिहा. ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर त्यातले कोड आधी दुसऱ्या फोनवर हलवा. हे लोक हमखास विसरतात आणि मग ऑफिसच्या ईमेलला मुकतात. गूगलचा पासवर्ड पाठ आहे का ते दुसऱ्या संगणकावर एकदा लॉगिन करून बघा, आणि फोनातून खातं काढून टाका, नाहीतर रीसेटनंतर एफआरपीचं, म्हणजे चोरीविरोधी, कुलूप पडून फोन जुनं खातं मागत बसेल.

आता नवखी मंडळी ज्याच्या वाटेलाच जात नाहीत ते दोन बॅकअप. एक, ईएफएस आणि पर्सिस्ट ही पार्टिशनं, म्हणजे फोनच्या साठवणीतले वेगळे कप्पे. आयएमईआय, नेटवर्कची जुळणी, सेन्सरची मोजमापं त्यांत असतात. कस्टम रिकव्हरी बसली की रॉम टाकण्याआधी यांची प्रत काढून फोनबाहेर ठेवा. दोन, तुमच्याच मॉडेलचा, सध्याच्या आवृत्तीचा पूर्ण स्टॉक रॉम आधीच उतरवून ठेवा. फोन लोगोवर अडकल्यावर रात्री साडेअकराला तीन-चार जीबीची फाइल शोधत बसणं फार वाईट असतं. परतीची वाट मोकळी आहे हे बघून मगच मी अनलॉकची कमांड देतो.

संगणक, केबल वगैरे काय लागेल?

लॅपटॉप असेल तर उत्तम, कारण वीज गेली तरी तो मध्येच बंद पडत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. केबल डेटा वाहणारी हवी. पन्नास रुपयांच्या पुष्कळ केबल फक्त चार्ज करतात. फोनची बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या. आणि बॅटरी फुगलेली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल तर रॉमचा विचार सोडा, आधी बॅटरी बदला.

अनलॉक करताना शाओमी थांबायला लावतं. काही पळवाट आहे का?

नाही, आणि शोधूही नका. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ओईएम अनलॉकिंग चालू करायचं, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एमआय खातं जोडायचं, आणि सांगितलेले तास मोजायचे. बऱ्याच मॉडेलना ही मुदत १६८ तास, म्हणजे सात दिवस आहे. मध्ये खातं बदललंत किंवा पुन्हा पुन्हा जोडलंत तर मोजणी नव्याने सुरू होऊ शकते. मीयूआयच्या जागी हायपरओएस आल्यापासून नियम आणखी कडक झालेत. ‘दोन हजारांत लगेच अनलॉक’ म्हणणाऱ्याला तुमच्या संगणकाचा ताबा देऊ नका. ते सात दिवस बॅकअप नीट घ्यायला वापरा.

अनलॉक झाल्यावर फोन चालू होताना दरवेळी इशारा दिसेल. तो राहणारच.

कोणती रिकव्हरी घ्यावी? टीडब्ल्यूआरपी की रॉमसोबतची?

रॉमच्या सूचनांत जी सांगितली असेल ती. टीडब्ल्यूआरपी ही वेगळी मिळणारी रिकव्हरी सोयीची आहे आणि ईएफएसचा बॅकअप तिच्यातून सहज निघतो, पण नव्या अँड्रॉइडचं एन्क्रिप्शन तिला प्रत्येक फोनवर उघडता येतंच असं नाही. लिनिएजओएसची स्वतःची रिकव्हरी साधी आहे आणि तिच्यात चुकायला जागा कमी.

रिकव्हरी फ्लॅश झाली, म्हणजे फोनात लिहिली गेली, की फोन सिस्टीममध्ये चालू होऊ देऊ नका, बटणं धरून थेट रिकव्हरीत जा. एकदा स्टॉक सिस्टीम चालू झाली तर बऱ्याच फोनवर ती आपली रिकव्हरी पुसून स्वतःची परत बसवते. ‘टाकली पण दिसत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा यामुळेच असते. सिस्टीमसाठी ए आणि बी असे दोन स्लॉट (जागा) असलेल्या कितीतरी फोनवर रिकव्हरीचं वेगळं पार्टिशनच नसतं, ती बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या फाइलमध्ये, असते. तिथे फाइल कुठल्या पार्टिशनला लिहायची हे त्या मॉडेलच्याच सूचनेत बघा.

प्रत्यक्ष टाकण्याचा क्रम काय?

रिकव्हरीत गेल्यावर पहिल्यांदा फॉरमॅट डेटा. मग ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’ निवडा (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनशी बोलणारं साधन) आणि संगणकावरून ‘एडीबी साइडलोड’ लिहून पुढे रॉमच्या झिपचं नाव द्या. संगणकावरचा आकडा बहुतेक वेळा ४७ टक्क्यांवर थांबतो आणि पुढे सरकत नाही. इथे घाबरून केबल उपटणारे मी पाहिलेत. तो आकडा तिथे थांबणं नेहमीचं आहे. काम झालं की नाही हे फोनच्या स्क्रीनवर वाचा, संगणकावर नाही.

गूगल प्ले हवं असेल तर त्याचं पॅकेज आत्ताच टाकायचं, फोन पहिल्यांदा चालू व्हायच्या आधी. नंतर टाकलं तर सेटअपलाच ॲप बंद पडत राहतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. दोन स्लॉटच्या फोनवर रॉम टाकल्यावर रिकव्हरी एकदा रीस्टार्ट करा, म्हणजे ती नव्या स्लॉटवर येईल, आणि मग गूगलचं पॅकेज. लिनिएजच्या रिकव्हरीत तेव्हा सही जुळत नाही असा इशारा येतो. पॅकेज त्या प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहून घेतलेलं असेल तर ‘येस’ म्हणा. पॅकेजची अँड्रॉइड आवृत्ती आणि रॉमची आवृत्ती एकच हवी.

मग रीबूट. पहिल्यांदा चालू व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. चहा घ्या, पॉवरचं बटण दाबत बसू नका.

संगणकाला फोन दिसतच नाही.

केबल बदला, मग पोर्ट बदला. यूएसबी ३ च्या पोर्टवर फास्टबूट अडखळतो हा अनुभव अनेकांना येतो, विशेषतः एएमडीच्या संगणकांवर. साधा यूएसबी २ चा पोर्ट किंवा मध्ये स्वस्तातला हब लावला की सुटतं. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं उद्गारचिन्ह असेल तर ड्रायव्हर बसलेला नाही. ‘अनऑथराइज्ड’ असं उत्तर आलं तर फोनचा लॉक उघडून परवानगीची चौकट स्वीकारा. लिनक्सवर ‘नो परमिशन्स’ आलं तर यूडेव्हचे, म्हणजे उपकरणांना परवानगी देणारे, नियम राहिलेत. एडीबी चालतो पण फास्टबूट चालत नाही, असंही होतं. विंडोज या दोन अवस्थांना दोन वेगळी उपकरणं समजतं आणि ड्रायव्हर दोनदा बसवावा लागतो.

रिकव्हरीत इंटरनल स्टोरेज ० एमबी दिसतं, नाहीतर फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांत येतात.

डेटा जागेवर आहे, पण एन्क्रिप्ट केलेला आहे आणि रिकव्हरीला किल्ली सापडत नाही. बॅकअप आधीच घेतलेला असेल तर टीडब्ल्यूआरपीत वाइप, मग फॉरमॅट डेटा, आणि इंग्रजीत ‘येस’ टाइप करा. घेतला नसेल तर काहीही पुसू नका; आधी फोन जुन्या सिस्टीममध्ये चालू होतो का ते बघा.

रॉम टाकला, पण फोन लोगोवरच अडकलाय. अर्धा तास झाला.

पहिली शंका फॉरमॅट डेटावर. ‘वाइप’ आणि ‘फॉरमॅट डेटा’ एक नव्हेत. साध्या वाइपमध्ये जुनं एन्क्रिप्शन तसंच राहतं आणि नव्या सिस्टीमला तो डेटा वाचता येत नाही, म्हणून ती चालू होण्याचा प्रयत्न करते, पडते, पुन्हा प्रयत्न करते. माझ्याकडे येणाऱ्या बूटलूपमधले बरेचसे एवढ्यावर सुटतात.

नाही सुटलं तर फर्मवेअर बघा: रॉमला अँड्रॉइड १३ चं फर्मवेअर हवं आणि फोनात १२ चं आहे, असं काही आहे का? तिसरी गोष्ट व्हीबीमेटा, म्हणजे सिस्टीम मूळ आहे का हे तपासायची माहिती असलेलं पार्टिशन. बूट इमेज बदललेली आहे हे पाहून फोनची पडताळणी त्याला पुढे जाऊ देत नाही. काही मॉडेलना व्हीबीमेटा पडताळणी बंद करून फ्लॅश करावी लागते. तुमच्या मॉडेलच्या सूचनेत असेल तरच करा. चौथी, तुम्ही सोबत मॅजिस्क (रूट करायचं साधन) किंवा वेगळा कर्नल (सिस्टीमचा गाभा) घातलाय का? तो काढा. आधी नुसता रॉम चालू होऊ द्या, हौस नंतर.

हे सगळं करून झालं तरी अडकलेलाच असेल तर स्टॉक रॉमवर परत या आणि दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने पुन्हा करा. फास्टबूट उघडतोय तोवर फोन जिवंत आहे.

फोन चालू झाला, पण कॉल लागत नाही. इंटरनेट मात्र चालतं.

जिओचं सिम असेल तर व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून कॉल करण्याची सोय, बंद आहे. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, सगळे कॉल व्होल्टेवरून जातात; त्यामुळे रॉममध्ये व्होल्टे बिघडलं की जिओवर कॉलच होत नाही. एअरटेलचं सिम असेल तर टूजीवर उतरून कॉल लागतो, आणि म्हणून एकाच रॉमबद्दल दोन माणसं दोन गोष्टी सांगतात. सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टे चालू आहे का बघा, फोन रीस्टार्ट करा, फर्मवेअर तपासा. रॉम निवडतानाच त्याच्या त्रुटींच्या यादीत व्होल्टेचा उल्लेख आहे का हे वाचणं सगळ्यांत शहाणपणाचं. त्र्यंबक रस्त्याला शेतावर राहणाऱ्या माणसाला रात्री कॉल लागला नाही तर तिथे रॉम किती सुंदर आहे याला काही अर्थ उरत नाही.

नेटवर्कच नसेल तर *#०६# दाबा. आयएमईआय शून्य किंवा रिकामा आला तर ईएफएस गेलंय. स्वतः काढून ठेवलेला त्याच फोनचा बॅकअप परत टाका. माझ्याच एका फोनचा असा बॅकअप नव्हता. तो आज स्वयंपाकघरात वायफायवर आकाशवाणी ऐकायला ठेवलाय, फोन म्हणून पुन्हा कधी वापरता आला नाही. ‘दुसरा नंबर मारून देतो’ असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. आयएमईआयशी छेडछाड हा दूरसंचार कायदा, २०२३ खाली गुन्हा आहे. त्याच कारणाने बिल नसलेल्या जुन्या फोनला मी हात लावत नाही, ओळखीचा माणूस असला तरी.

फोनपे, गूगल पे, बँकेचं ॲप चालेल का?

चालेलच असं धरून चालू नका. ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतं की फोन मूळ स्थितीत आहे का, आणि अनलॉक केलेला बूटलोडर तिथे उघडा पडतो. काही बँकांची ॲप हे विचारत नाहीत, काही विचारतात, आणि आज चालणारं ॲप पुढच्या अपडेटला बंद पडू शकतं. मॅजिस्कची मॉड्यूल घालून फोन मूळ असल्याचं भासवणारे आहेत. गूगल ते बंद करतं, ते नवी काढतात, हे चालूच असतं. मी स्वतः तसं करत नाही आणि पैशांच्या ॲपसाठी कुणाला सांगतही नाही.

ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि दुकानाचे किंवा मार्केट यार्डाचे पैसे त्याच फोनवर येतात, त्याला मी रॉम टाकू नका असं स्पष्ट सांगतो. रॉम दुसऱ्या फोनवर टाका, बँक मूळ फोनवर ठेवा.

प्ले स्टोअर म्हणतं, ‘हे उपकरण प्रमाणित नाही’.

फोनचा जीएसएफ आयडी (गूगलच्या सेवांनी त्या फोनला दिलेला क्रमांक) काढून गूगलच्या अप्रमाणित उपकरणांच्या नोंदणी पानावर टाका, थोडा वेळ थांबा, प्ले स्टोअरचा डेटा पुसून रीस्टार्ट करा. खात्यात लॉगिन करण्यापुरता प्रश्न सुटतो. बँकेच्या ॲपचा सुटत नाही.

मराठी टाइप करायला कीबोर्ड?

गूगलचं पॅकेज टाकलं असेल तर जीबोर्ड. नसेल तर लिनिएजच्या मूळ कीबोर्डमध्येही मराठी मांडणी आहे, भाषांच्या यादीतून चालू करावी लागते. गूगलशिवाय राहायचं असेल तर एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या दुकानातून हेलीबोर्ड घ्या. देवनागरी फाँट आता अँड्रॉइडमध्येच असतो, चौकोनांचा काळ गेला.

बॅटरी लवकर उतरते, फोन तापतो.

पहिले दोन-तीन दिवस थांबा. ॲप नव्याने बसत असतात, फोटो परत येत असतात. एप्रिल-मेच्या दुपारी नाशिकमध्ये कुठलाही फोन तापतो, तेव्हा रॉमला दोष देण्याआधी रात्री मोजून बघा. आठवड्यानंतरही तसंच असेल तर बॅटरीच्या यादीत कोणतं ॲप खातंय ते पाहा. पाच-सहा वर्षांची बॅटरी असेल तर ती मुळातच थकलेली असते.

ओटीटीवरचे सिनेमे पुसट दिसतात.

वाइडवाइन या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या यंत्रणेची पातळी एल १ वरून एल ३ वर आली आहे. काही फोनवर अनलॉक केल्यावर असं होतं, आणि एचडी मिळत नाही.

रूटही करून टाकू का?

नेमकं कारण सांगता येत असेल तर करा. रॉम टाकायला रूट लागत नाही.

फोन पूर्ण बंद. दिवा नाही, कंपन नाही.

अर्धा तास चार्जरला लावून ठेवा. मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण तीसेक सेकंद धरून ठेवा. त्यानेही काही झालं नाही तर विंडोजच्या संगणकाला जोडा आणि डिव्हाइस मॅनेजर बघा. ‘क्वालकॉम ९००८’ दिसलं तर फोन ईडीएल मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या आणीबाणीच्या अवस्थेत, आहे. मीडियाटेकचा फोन क्षणभर ‘प्रीलोडर’ म्हणून दिसतो. दोन्ही ठिकाणी आशा आहे, पण शाओमीसारख्या कंपन्या ईडीएलसाठी अधिकृत खातं मागतात आणि काही फोन उघडून बोर्डावरचा टेस्ट पॉइंट जोडावा लागतो. हे घरी करू नका. एम. जी. रोडला बोर्डाचं काम करणारे जाणकार कारागीर आहेत. काय घडलं ते त्यांना खरं सांगा, कोणती फाइल टाकली तेही सांगा. ‘आपोआप बंद पडला’ म्हणालात तर त्यांचा निम्मा दिवस चुकीच्या ठिकाणी शोधण्यात जातो. पिंपळगावच्या त्या मुलाने चूक झालेली झिपच पेनड्राइव्हवर सोबत नेली होती. त्याचा फोन दोन दिवसांत चालू झाला.

परत कंपनीच्या सॉफ्टवेअरवर जायचंय, बूटलोडरही लॉक करायचाय.

जाता येतं, पण क्रम पाळा. आधी त्याच मॉडेलचा, त्याच देशाचा स्टॉक रॉम पूर्ण टाका, अँटी-रोलबॅकचा आकडा फोनातल्यापेक्षा कमी नसलेला. फोन चालू करा, कॉल लावून बघा, दोन दिवस वापरा. मगच लॉक. कस्टम रॉम असताना किंवा चीनच्या फोनवर बाहेरचा रॉम असताना बूटलोडर लॉक केला तर फोन चालू व्हायला नकार देतो. लॉक करतानाही डेटा पुन्हा पूर्ण पुसला जातो.

आणि शाओमीचं फ्लॅश करायचं साधन वापरत असाल तर ‘फ्लॅश’ दाबण्याआधी खिडकीच्या खाली उजवीकडे बघा. तिथे ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून ‘क्लीन ऑल’ करा.